वडिलांचं .३२ रिव्हॉल्व्हर, छोटा हात आणि मापाची मूठ

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई काटोलकडच्या, घरची संत्र्याची बाग. वडील गेल्यावर त्यांचं कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं .३२ रिव्हॉल्व्हर रीतसर ताईंच्या नावावर झालं. रेंजवर सरावाला गेल्या. बारा-पंधरा गोळ्या झाल्या की उजव्या अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो, तो दोन दिवस जात नाही. मधल्या बोटाच्या पेरावरची कातडीही सोलते. दुकानात सांगितलं, ‘जाड रबरी ग्रिप बसवा, धक्का लागणार नाही.’ तशी ग्रिप, म्हणजे मूठ, घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती?

ताई, तुमच्या पत्रात मधेच एक वाक्य आहे: ‘चापापर्यंत बोट नीट पोचावं म्हणून मी हात थोडा उजवीकडे सरकवून धरते.’ तुमचं दुखणं त्या वाक्यात आहे. मी अठ्ठावीस वर्षं पोलीस शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. निवृत्तीनंतर इथे नागपुरात एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे बसतो आणि मुठी बसवणं हेच आता माझं मुख्य काम आहे. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जणांना आधी कुणीतरी जाड रबर सुचवलेलं असतं. छोट्या हाताला जाड मूठ दिली की त्रास वाढतो. तुम्हाला आत्ता आहे त्याहून बारीक मूठ हवी आहे, तीही सगळीकडून बारीक नको, एका ठराविक जागी.

का ते सांगतो. रिव्हॉल्व्हर बरोबर धरलं तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खळगा मुठीच्या पाठीच्या बरोब्बर मागे येतो. नळी, मनगट आणि कोपर एका रेघेत राहतात. गोळी सुटली की धक्का त्या खळग्यातून सरळ हाताच्या हाडांवर जातो आणि हात तो सहज पचवतो. तर्जनी चापापर्यंत पोचत नसेल तर माणूस काय करतो? हात उजवीकडे सरकवतो. बोटाला दोन सुतं (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त मिळतात, पण मुठीची पाठ खळग्यातून निघून अंगठ्याच्या बुडातल्या हाडावर येते. रेघ मोडली. आता प्रत्येक धक्का त्या एका सांध्यावर बसतो. वर रबर लावा, नाहीतर गादी बांधा, धक्का चुकीच्या जागी बसतोय तोवर सांधा दुखणारच.

धक्क्याचंही बोलू. तुमचं .३२ म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ मधलं जुनं, शांत काडतूस. गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्याही आतली. .३५७ मॅग्नमसारख्या जोरदार काडतुसाच्या तुलनेत हे फार मवाळ. नेमबाजीत २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत जगभरचे खेळाडू हेच काडतूस वापरत आले, ते याच गुणामुळे. हे रिव्हॉल्व्हर पुरेसं जडही आहे. एवढ्या काडतुसाने निरोगी हाताला दोन दिवस ठणका लागत असेल तर दोष गोळीचा नाही, पकडीचा आहे. रबराचा खरा उपयोग जोरदार काडतुसाला, वजनाने हलक्या हत्याराला. २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे हलकं रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा जेमतेम अर्धा किलो वजन म्हणून बायकांसाठी सोयीचं असं त्याचं कौतुक झालं. पर्समध्ये ठेवायला ते सोयीचं आहे, पण काडतूस तेच असलं तर हलकं हत्यार हातात जास्त उसळतं हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

आधी घरी एक तपासणी करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कपाटात ठेवा. रिव्हॉल्व्हर मधल्या बिजागरीवर वाकवून उघडा, काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी पहा, मग करंगळी फिरवून पहा. हे प्रत्येक वेळी, पाच मिनिटांपूर्वी पाहिलेलं असलं तरी. आता नळी समोरच्या भक्कम भिंतीकडे ठेवून, डाव्या हाताने रिव्हॉल्व्हर उजव्या हाताच्या खळग्यात सरळ बसवा, नळी आणि कोपर एका रेघेत. बोट चापावर नेऊ नका, चौकटीच्या, म्हणजे हत्याराच्या धातूच्या सांगाड्याच्या, बाजूने सरळ ठेवा. मग हात तसूभरही न हलवता बोट चापावर आणा आणि कुठपर्यंत पोचतं ते पहा. घोडा मागे ओढून, म्हणजे सिंगल अ‍ॅक्शनमध्ये चालवताना बोटाच्या टोकाची गादी चापाच्या मधोमध यायला हवी. घोडा न ओढता, डबल अ‍ॅक्शनमध्ये, चाप पुढे असतो आणि जोर दुपटीहून जास्त लागतो, म्हणून तिथे पहिल्या पेराची घडी चापावर यायला हवी. तुमचं बोट डबलमध्ये नुसतं नखापाशी टेकत असेल असा माझा अंदाज आहे. किती कमी पडतं ते सुतात मोजा. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर. एक-दीड सूत कमी पडत असेल तर मुठीत काम करून भरून निघतं. तीन सुतं कमी पडत असेल तर मी तुम्हाला स्पष्ट सांगेन की ह्या हत्यारावर डबल अ‍ॅक्शनचा हट्ट सोडा.

(तपासताना घोडा रिकामा आपटू नका. वेब्ली ह्या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या घाटाच्या ह्या हत्यारात टोच्या, म्हणजे काडतुसाला टोचणारी अणी, घोड्यालाच असतो, रिकाम्या घरावर आपटून आपटून तो खराब होतो. डमी काडतुसं किंवा चाललेल्या रिकाम्या पुंगळ्या घालून मगच.)

आता मूठ कुठे बारीक करायची? मुठीच्या दोन्ही बाजूंना एकेक आवरण बसवलेलं असतं, तेच पॅनेल. उजव्या हाताने धरणाऱ्या माणसाची तर्जनी उजव्या पॅनेलच्या वरच्या भागावरून पुढे जाते. तिचं बूड जिथे टेकतं, साधारण चापाच्या मागच्या रेषेत, तिथे पॅनेल जेवढं जाड तेवढा वळसा बोटाला घालावा लागतो. अख्खी मूठ तासायची गरज नसते. उजव्या पॅनेलच्या वरच्या तिसऱ्या भागात जवळजवळ एक सूत उतरवलं आणि त्याचा उतार खाली हळूहळू मिसळवला की बोट पुढे सरकतं. त्याच पॅनेलचा मधला भाग, जिथे तळहाताचा खोलगट भाग येतो, तिथे मात्र थोडा फुगवटा राहू द्यायचा. तळहाताची पोकळी फुगवट्याला टेकली की रिव्हॉल्व्हर हातात वळत नाही. वर बारीक, मधे भरीव, खाली पुन्हा निमुळतं, अशा मुठीला मी ‘वांग्याची मूठ’ म्हणतो आणि लोकांना ते पटकन कळतं.

डाव्या पॅनेलवर बोटांची टोकं आणि अंगठा. तिथे एकच पथ्य: रिव्हॉल्व्हर उघडायची खिट्टी डाव्या बाजूला अंगठ्याजवळ आहे, नव्या पॅनेलची कड तिला अडता कामा नये. अर्ध्या वाटेत अडलेली खिट्टी म्हणजे नीट बंद न झालेलं हत्यार. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला गोल भाग, बाजूला उघडतं, तिथे प्रश्न वेगळा. डाव्या पॅनेलच्या वरच्या कडेला खाच ठेवली नाही तर रिकाम्या पुंगळ्या बाहेर पडताना तिथे अडकतात. तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या वरून निघतात, ती काळजी नको.

मधल्या बोटाचं सोलणं वेगळ्या कारणाने होतंय. चापाभोवती जी संरक्षक कडी असते तिच्या मागे, मुठीच्या पुढच्या बाजूला एक रिकामी पोकळी असते. धक्क्याबरोबर हात त्या पोकळीत वर सरकतो आणि कडीचा मागचा भाग पेरावर आपटतो. पोकळी भरली की प्रश्न संपला. परदेशी रिव्हॉल्व्हरांना ह्यासाठी तयार अ‍ॅडाप्टर मिळतात. तुमच्यासाठी दोन्ही पॅनेलांना पुढच्या बाजूला ओठ ठेवून पोकळी लाकडानेच भरायची. पण बेताने. जास्त भरलं की हात खाली जातो, हात खाली गेला की नळी जास्त उसळते. मधलं बोट कडीला हलकंसं टेकलेलं असावं, दाबलेलं नको.

बोटांच्या खाचा असलेली मूठ घेऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. घेऊ नका. त्या खाचा कारखान्यात कुणाच्या तरी बोटांच्या मापाने पाडलेल्या असतात. तुमची बोटं बारीक, म्हणजे खाचेचा उंचवटा कुठेतरी बोटाच्या खाली येणार आणि दहा गोळ्यांत तिथे वळ उठणार. पुढची बाजू सपाट-गोलसर ठेवा.

तयार मिळणाऱ्या ग्रिपबद्दल लोक मला फोटो दाखवून विचारतात. होग, पॅकमायर वगैरे रबरी ग्रिप चांगल्या असतात, पण त्या स्मिथ अँड वेसन, रुगर, कोल्ट अशा चौकटींच्या मापाच्या. कानपूरच्या चौकटीला बसत नाहीत, आणि ‘कापून बसवून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघायचं. आपल्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत मुठी मिळतात का, असंही पुष्कळ जण विचारतात. तिथे रिव्हॉल्व्हर बनत नाहीत, ते काम कानपूरचं. तेव्हा तुमच्यासाठी रस्ता एकच, हाताने बनवलेली लाकडी पॅनेलं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, सायकलची ट्यूब चढवू नका. आमच्याकडे एक हवालदार होते, घामट हाताचे. त्यांनी ट्यूबचा तुकडा ताणून मुठीवर चढवला होता, पकड छान बसायची. पावसाळा संपल्यावर वार्षिक तपासणीला मी ती ट्यूब ब्लेडने चिरली. खाली पोलादी पाठीवर गंजाचे खड्डे पडलेले, मिठाच्या खड्यांसारखे, बोटाला लागतील असे. घाम आत जातो आणि बाहेर येत नाही. वर इथल्या मे महिन्यात हलकं रबर चिकट होतं आणि ओढणी-पदराला धरून बसतं.

आता लाकूड. ह्यावर मी लांबण लावणार आहे, कारण विदर्भात राहून आपण लाकडाबाबतीत श्रीमंत आहोत आणि तरी लोक मूठ करायला सागवानच पुढे करतात. साग दाराखिडक्यांचा राजा. पण त्याचा रेषा उघडा असतो आणि पातळ कडेला तो चिरतो. पॅनेलची वरची कड कागदाच्या पुठ्ठ्याएवढी पातळ होते, तिथे साग टिकत नाही. शिसव उत्तम. घट्ट, जड, कड धरून ठेवणारं, तेल लावलं की जांभळट काळ्या रेघा उठतात. जुन्या मोडक्या पलंगाचा पाय मिळाला तर सोनंच, तीस-चाळीस वर्षं वाळलेलं लाकूड कुठे विकत मिळतं? घासताना मात्र तोंडाला फडकं बांधा, शिसवाचा भुसा काहींच्या नाकाला आणि कातडीला सोसत नाही. धावडा चिवट, आपल्याकडे कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच, धक्का खाण्यात तो कुणाला हार जात नाही, फक्त दिसायला साधा. तेंदूची पानं विडीमुळे सगळ्यांना ठाऊक आहेत, पण जुन्या झाडाच्या गाभ्याचं काळंभोर लाकूड फार थोड्यांनी पाहिलंय. ते आबनुसाच्याच कुळातलं. दिसायला देखणं, पण वाळताना तडकतं, म्हणून मी ते हाताशी ठेवतो आणि क्वचितच वापरतो. अक्रोड बंदुकीच्या दस्त्यांचं जगभरचं लाकूड, मिळालं तर घ्या, त्यासाठी अडून बसू नका. तुम्हाला मी शिसव सुचवेन.

कोणतंही लाकूड घ्या, त्याने नागपूरचा एक उन्हाळा पाहिलेला असावा. एप्रिल-मे मध्ये इथली हवा भाजून काढते, पारा पंचेचाळिशीला जातो, आणि जुलैत तेच लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं. ओलसर लाकडाची मूठ पावसाळ्यात घट्ट बसवली तर पुढच्या मे मध्ये ती आकसते आणि स्क्रूच्या भोवती चिरते. लाकडाचे रेषे मुठीच्या लांबीच्या दिशेने असावेत, आडवे रेषे मोडतात. आणि स्क्रू! दोन्ही पॅनेलं एकाच स्क्रूने आवळली जातात, तो दोन बोटांनी धरलेल्या स्क्रूड्रायव्हरने बसेल तेवढाच आवळायचा. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका जुन्या वेब्लीचं अक्रोडाचं पॅनेल मूठभर जोर लावून आवळलं. टचकन आवाज आला आणि भोकापासून कडेपर्यंत केसासारखी चीर गेली. ते पॅनेल बनवणारा हात पुन्हा मिळणार नव्हता. त्या दिवसापासून मी स्क्रूड्रायव्हर पूर्ण मुठीत धरलेला नाही.

आकार कसा काढायचा? मी गिऱ्हाइकाला कणीक देतो. पोळ्यांच्या कणकेहून घट्ट मळलेली. माझ्याकडे चौकटीच्या मापाचा लाकडी नमुना आहे, त्यावर कणीक थापतो आणि सांगतो, डोळे मिटा, आवडत्या माणसाशी हस्तांदोलन करता तेवढ्याच जोराने धरा. हात सुटल्यावर कणीक सगळं सांगते: अनामिका कुठे रुतली, करंगळी मुठीवर आहे की हवेत, तळहाताची पोकळी भरली की नाही. तुम्ही घरी करत असाल तर खऱ्या रिव्हॉल्व्हरला कणीक लावू नका, ओलावा आत जाईल. आधी पुठ्ठ्यावर जुन्या पॅनेलची बाह्यरेखा काढा. स्वस्त लाकडाची ओबडधोबड जोडी करून घ्या, चौकटीवर टेप लावा आणि जिथे भर हवी तिथे एम-सील थापून धरून पहा. वाळलं की कानशीने उतरवा, पुन्हा धरा. ही कच्ची जोडी पंधरा दिवस वापरा. बाग फिरून आल्यावर थकलेल्या हाताने धरून पहा, सकाळी ताज्या हाताने धरून पहा. सकाळी ठीक आणि संध्याकाळी टोचणारी जागा असेल तर ती जागा चूक आहे. पंधरा दिवसांनी हात काही मागत नसेल तर त्या नमुन्यावरून शिसवाची जोडी करायची.

इथे कायद्याचं एक वाक्य. सुताराकडे फक्त पुठ्ठा, नमुना आणि लाकूड न्या. रिव्हॉल्व्हर नेऊ नका, ‘संध्याकाळी घेऊन जा’ म्हणून ठेवून तर मुळीच येऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो आणि परवाना नसलेल्याच्या ताब्यात हत्यार देणं हा गुन्हा आहे. शेवटची बसवणी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे, तुमच्या समोर. त्याला एवढं सांगा की पॅनेलची आतली बाजू चौकटीला सगळीकडून टेकली पाहिजे आणि आतल्या स्प्रिंगला कुठेही लाकूड लागता कामा नये. चौकटीवर, नंबरावर कानस चालवायची नाही. जे तासायचं ते लाकूडच.

वरून काय लावायचं? चकचकीत लॅकर नको, घाम आला की मूठ साबणासारखी सुटते. आपल्या घरचं जवसाचं तेल चांगलं, मात्र बोटाने चोळून अगदी पातळ हात द्यायचा, एक हात नीट सुकला की मगच दुसरा, असे पाच-सहा. घाई केली तर वर चिकट साय धरते. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना स्वतःहून तापतं, उन्हाळ्यात अशा फडक्यांच्या ढिगाने खरोखर पेट घेतलेला आहे. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. चेकरिंग, म्हणजे ती बारीक चौकडी, दोन्ही बाजूंना मधल्या भागात पुरे. अंगठ्याच्या बुडाखाली गुळगुळीतच ठेवा, तुमची ती जागा आधीच दुखरी आहे.

लांबीबद्दल फार विचार करू नका. करंगळी मुठीखाली अर्धी लोंबत असेल तरी .३२ ला चालतं. तुम्ही रिव्हॉल्व्हर बागेत कमरेला ठेवता असं लिहिलंय, लांब मूठ कपड्यातून बाहेर टोचत राहील.

नवी मूठ बसल्यावर रेंजवर पहिल्या दिवशी सहाच गोळ्या, सिंगल अ‍ॅक्शनमध्ये. हात उघडून पहा, लाल कुठे झालंय. खळग्यात मधोमध लाली असेल तर ठीक, अंगठ्याकडे असेल तर उजव्या पॅनेलच्या वरच्या भागातून अजून थोडं उतरवा. पॉलिश पेपरने, कानशीने नाही. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. आणि मूठ सुधारूनही महिनाभरात ठणका गेला नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याच्या बुडाचा सांधा चाळिशीनंतर बायकांचा लवकर झिजतो, तो झिजलेला असेल तर त्याला लाकूड काही करू शकत नाही.

वडिलांची पॅनेलं तासून पहावीत का, असंही तुमच्या मनात आहे. डाव्या पॅनेलवर त्यांच्या अंगठ्याने चौकडी सपाट झाली आहे, ते तुम्ही लिहिलंत. ती जोडी तासू नका. मूळ स्क्रूसकट सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. रेक्झिनच्या पाकिटात नको, ओल धरते. पुढे कधी हत्यार विकायची किंवा मुलांच्या नावावर करायची वेळ आली तर मूळ मूठ सोबत असलेली बरी. नव्या जोडीला नवा स्क्रू करून घ्या, म्हणजे जुना कुठे गेला ते शोधत बसावं लागणार नाही.